आधी टायर कोणते ते सांगा

आमच्या दुकानात इंजिनाला कोणी हात लावत नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून चाकाच्या नटांपर्यंत जे येतं, तेवढंच आमचं काम: प्रॉपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन (शाफ्टचं फिरणं काटकोनात वळवून चाकांकडे देणारी गिअरची जोडी: पिनियन लहान, क्राउन मोठा), डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), एक्सल (चाक फिरवणारा दांडा; मागच्या पूर्ण जुळणीलाही एक्सलच म्हणतात) आणि शाफ्ट सोडून हे सगळं पोटात घेऊन बसलेलं हाउसिंग. अमेरिकेत डेट्रॉइटच्या उत्तरेला एका औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. साठच्या दशकात इथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या. त्याच रस्त्यावर १९९५पासून दर ऑगस्टला जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते. आमची गिऱ्हाइकं मात्र मिरवणुकीतली कमी आणि ड्रॅग स्ट्रिपवरची, म्हणजे सरळ शर्यतीच्या ट्रॅकवरची, जास्त. त्यांना पाव मैल, म्हणजे १३२० फूट, शक्य तितक्या लवकर संपवायचा असतो, आणि त्यातही पहिले साठ फूट सगळ्यात लवकर. आमचं पोट त्या साठ फुटांवर चालतं.

आधी मी एका एक्सल बनवणाऱ्या कारखान्यात गिअर तपासायच्या खात्यात होतो. माझा भागीदार तिथेच टूलरूममध्ये होता. वयाने मोठा, जन्मापासून इथलाच, आणि लेथवर बसला की जेवायची शुद्ध नसलेला माणूस. नोकरी सोडून आम्ही भाड्याने एक कोपरा घेतला तेव्हा भांडवल म्हणजे त्याचा लेथ, माझे डायल गेज आणि एक जुना प्रेस. सुरुवातीला मिळालं ते फक्त क्राउन-पिनियन बदलायचं काम, कारण आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांना ते नकोच असायचं. इंजिन बसवणारा माणूस हिरो ठरतो. क्राउन-पिनियन बसवणाऱ्याला शाबासकी अशी की गाडी नेल्यावर कोणी फोन करत नाही.

हे काम धीराचं आहे. पिनियनच्या बेअरिंगखाली शिम (पातळ चकती) घालायची, क्राउन बसवायचा, डायल लावून दात्यांमधली मोकळीक मोजायची. बहुतेक नव्या जोड्यांना ती सहा ते दहा हजारांश इंच लागते. मग दात्यांना पिवळी पेस्ट फासायची, क्राउनवर हाताने थोडा अडसर ठेवत पिनियन फिरवायचा आणि ठसा बघायचा. ठसा दात्याच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत, माथ्याशी गेला तर फार बाहेर. मग पुन्हा सगळं खोलायचं आणि दोन-तीन हजारांशाची शिम बदलायची. दरवेळी नवं बेअरिंग दाबून काढलं तर त्याचा भुगा होईल, म्हणून आम्ही आतून घासून सैल केलेली जुनी बेअरिंगं फक्त जुळणीसाठी ठेवली आहेत. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये कंपनी एक चेपणारी नळी देते. नट आवळताना ती चेपते आणि ताण ठरतो. जोरात लाँच होणाऱ्या, म्हणजे उभ्याने झटक्यात सुटणाऱ्या, गाडीत ती आणखी चेपू शकते आणि बसवलेला ताण गायब होतो. त्यामुळे अशा गाडीत आम्ही तिच्या जागी घट्ट स्पेसर आणि शिमच घालतो. वेळ दुप्पट लागतो आणि गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, पण बिलात तो लावतो आणि विचारलं तर समजावून सांगतो.

धंद्याला खरं वळण दिलं टायरांनी. पूर्वी तापट गाडी लाईनवरून निघताना चाकं जागेवर फिरायची, धूर व्हायचा, लोक खूश. ते फिरणंच मागच्या एक्सलला वाचवत होतं. पुढे रस्त्यावर चालवता येणारे ड्रॅग रेडियल, म्हणजे जास्त पकड असलेले टायर, चांगले निघाले, स्ट्रिपवाले ट्रॅकवर चिकट द्रावण मारू लागले आणि चाकं फिरायची थांबली. मग आमच्या दारात तुटक्या मालाचा पूर आला. १९९८ ते २००२च्या कॅमॅरो आणि फायरबर्डवाले सगळ्यात आधी आले. त्यांचं साडेपाच लिटरच्या वरचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन झकास, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्सही दणकट, आणि मागे मात्र जेमतेम साडेसात इंची क्राउनचा दहा बोल्टवाला एक्सल. क्लच एकदम सोडला की इंजिनाच्या टॉर्कवर (पिळाच्या जोरावर) फ्लायव्हीलच्या फिरत्या वजनाचा दणका आणखी बसतो. त्या दणक्याचे दाते आम्ही ड्रेन पॅनमधून वेचले आहेत.

तेव्हापासून फोनवर आमचा पहिला प्रश्न ठरला: टायर कोणते? माणूस हॉर्सपॉवर सांगायला उत्सुक असतो. आम्ही ते लिहून घेतो, पण हिशेब असा मांडतो. समजा इंजिनाचा टॉर्क ५०० पाउंड-फूट. टर्बो ४०० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.४८. सुटताना कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड) टॉर्क जवळपास दुप्पट करतो. मागच्या क्राउन-पिनियनचा रेशो ४.१०. गुणाकार करा, दहा हजारांच्या वर जातो. साधा टायर यातलं निम्मं पेलायच्या आत घसरतो, म्हणजे बाकीचं एक्सलपर्यंत पोचतच नाही. स्लिक, म्हणजे खाचा नसलेला शर्यतीचा टायर, घसरत नाही, तेव्हा पीळ कुठेतरी जाणारच. म्हणून साध्या टायरवरच्या सहाशे हॉर्सपॉवरपेक्षा स्लिकवरची, मॅन्युअल गिअरची चारशेवाली गाडी मला जास्त घाबरवते.

त्या काळात एक सवय लागली, ती आजही आहे. तुटलेला एक्सल टाकून द्यायचा नाही, आधी वाचायचा. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा असतील तर तडा हळूहळू वाढत आला होता. पृष्ठभाग खरबरीत आणि एकसारखा असेल तर एकाच दणक्यात गेला. नवा एक्सल देताना आम्ही त्यावर टोकापासून टोकापर्यंत सरळ पांढरी रेघ मारतो. हंगामाच्या शेवटी गिऱ्हाईक तो काढून आणतं तेव्हा रेघ सरळ आहे की स्क्रूसारखी वळली आहे, ते त्याला स्वतःच दिसतं. वळली असेल तर वाद घालावा लागत नाही.

एक्सल जाड केल्याने किती फरक पडतो, हे लोकांना खरं वाटत नाही. पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. ३१ स्प्लाइनचा (टोकावरच्या खाचांचा) एक्सल साधारण १.३२ इंचाचा, ३५ स्प्लाइनचा दीड इंचाचा. बोटाने मोजावा एवढासा फरक, पण ताकद जवळपास दीडपट. मात्र नुसते एक्सल बदलून कोणी गेला की पुढच्या वेळी प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो, क्रॉस मोठा केला की पिनियन. म्हणून आम्ही सुटा भाग विकणं हळूहळू बंदच केलं. तीन-चार गिऱ्हाइकं रागावून गेली. त्यांतली दोन पुढे टो ट्रकवर परत आली.

हाउसिंगबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आमचं नाव त्यावर झालं. पिनियन फिरताना क्राउनला नुसतं फिरवत नाही, दूरही ढकलतो. ओतीव हाउसिंग तेवढ्यापुरतं पसरतं, दात्यांवरचा तो देखणा ठसा दात्याच्या कडेला सरकतो आणि कडेवरच सगळा भार येऊन दाता जातो. फोर्डचा ८.८ इंची एक्सल १९८६पासून व्ही-८ मस्टँगमध्ये आला. चांगला आहे, भंगारातही सहज मिळतो. पण त्याच्या नळ्या ओतीव मध्यभागात दाबून बसवलेल्या आणि भोकांतून ठिपक्यांनी वेल्ड केलेल्या असतात. कडक लाँचला मधला भाग एकीकडे आणि नळ्या दुसरीकडे फिरायला बघतात. उपाय म्हणजे नळीभोवती पूर्ण गोल वेल्ड. ओतीव लोखंड आणि स्टील जोडायचं तर आधी तापवायचं, निकेलची सळई वापरायची, थोडं एका बाजूला, थोडं दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी ब्लँकेटमध्ये गुंडाळून रात्रभर निवू द्यायचं. घाई केली तर जोडाशेजारी केसासारखी चीर जाते.

वेल्ड म्हटलं की नळी वाकणारच. त्यासाठी भागीदाराने जिग बनवली: बेअरिंगांच्या जागी लेथवर काढलेल्या चकत्या आणि त्यांच्यातून आरपार जाणारा घासून गुळगुळीत केलेला जाड दांडा. नळ्या सरळ असतील तर दांडा दोन बोटांनी सरकतो. अडला, तर ज्या बाजूला नळी ओढायची त्या बाजूला आच देऊन ती सरळ करायची. हे करताना त्याला बघणं हा इथल्या पोरांचा आवडता विरंगुळा आहे. पुढच्या सात-आठ वर्षांत आजूबाजूच्या गॅरेजांनी त्यांची हाउसिंगं आमच्याकडेच सरळ करायला पाठवली, आणि धंदा त्यावर तगला.

सी-क्लिपचा विषय निघाला की आम्ही सवलत देत नाही. दहा आणि बारा बोल्टवाल्या शेव्हर्ले एक्सलमध्ये, आणि त्या ८.८मध्येही, एक्सल आतल्या टोकाला एका छोट्या क्लिपने अडकलेला असतो. एक्सल तुटला की चाक ब्रेकसकट बाहेर चालू लागतं. ड्रॅग शर्यतींची अमेरिकन संघटना एनएचआरए हिच्या नियमाप्रमाणे पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर संपवणाऱ्या गाडीला बाजारातले मजबूत एक्सल आणि एक्सल धरून ठेवणारी सोय सक्तीची आहे. बारा सेकंदांच्या घरात धावणारेही आम्हाला विचारतात की आत्ताच करायचं का. आमचं मत आहे की करा, कारण बाराची गाडी बारावर थांबत नाही.

फोर्डचा नऊ इंची एक्सल आमच्याकडे सगळ्यात जास्त बनतो, शेव्हर्लेवाल्यांसाठीसुद्धा. १९५७पासून जवळपास तीन दशकं तो कारखान्यातून निघाला. पिनियनला आतल्या टोकाशीही तिसरं बेअरिंग असल्याने तो सहज हलत नाही, आणि सगळं पोट पुढून एका तुकड्यात बाहेर येतं. शर्यतीच्या दिवशी दोन रेशोंचे दोन गठ्ठे तयार ठेवता येतात. दोषही आहे: पिनियन क्राउनच्या मध्यापासून बराच खाली असल्याने दाते जास्त घासतात, उष्णता होते, थोडी ताकद तेलात जाते. ज्याची गाडी वर्षभर हायवेवर असते, त्याला मी कधी कधी त्याचाच बारा बोल्टवाला नीट करून देतो. क्राउन ८.८७५ इंचाचा आहे, दमदार आहे. मोपारवाल्यांचं, म्हणजे डॉज-प्लिमथसारख्या क्रायस्लरच्या गाड्यांचं, वेगळं. हेमी इंजिनाला चार गिअरच्या बॉक्सबरोबर कारखान्यानेच पावणेदहा इंची डाना ६० दिला होता, तो बहुतेकदा आमच्यापेक्षा जास्त टिकेल. त्यांची भीती एकच की मूळ नंबरवाला भाग हरवेल. आम्ही मूळ एक्सलला तेल लावून, चिठ्ठी बांधून परत देतो.

स्पूल, म्हणजे दोन्ही चाकं कायमची एकत्र बांधणं, फक्त ट्रॅकवरच्या गाडीला. रस्त्यावर वळताना आतलं टायर खरडतं आणि एक्सलला दर वळणावर पीळ बसतो. रस्त्यासाठी ट्रूट्रॅक हा गिअरवाला डिफरन्शियल, किंवा खटखट सहन होत असेल तर वळताना आपोआप सुटणारा डेट्रॉइट लॉकर. तसंच दात्यांचं स्टील: ९३१० प्रतीचं मऊ, दणके पचवतं, पण रस्त्यावर ठेवलं तर झिजून जातं, रोजच्या गाडीला ८६२० प्रतीचं बरं. एकदा एका पुरवठादाराकडून आलेल्या पाच जोड्या ठसा सुरेख देऊनही चालताना कुंईकुंई रडत होत्या. शेवटी मोजयंत्रावर दात्यांचा पिच एकसारखा नसल्याचं निघालं. जुन्या नोकरीतलं शिक्षण असं कामी आलं. अहवाल पाठवला, माल परत घेतला गेला, तीन महिन्यांनी.

अलीकडे ऑर्डरच्या कागदावर स्प्रिंगांचे फोटोही मागतो. १९६७च्या कॅमॅरोला मागच्या स्प्रिंगमध्ये एकच पाता होता आणि लाँचला एक्सल उड्या मारायचा. चाक हवेत सुटून पुन्हा टेकतं, तो दणका कुठल्याही एक्सलचा जीव घेतो. आधी ते थांबवा, मग आमच्याकडे पैसे द्या, असं सांगितल्याने दोन-चार कामं जातात. जाऊ देत.

धंद्याचं वेळापत्रक हवामान ठरवतं. मिशिगनमध्ये हिवाळ्यात स्ट्रिप बंद, गाड्या शेडमध्ये. ऑक्टोबरमध्ये आणा म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो, आणि सगळे मार्चमध्ये येतात. आता आम्ही सहाजण आहोत. जुळणीचं टेबल एका मुलीकडे आहे. ती आधी घड्याळं दुरुस्त करायची, आणि ठसा माझ्यापेक्षा चांगला वाचते.

नवीन प्रश्न वेगळा आहे. २००८ची चॅलेंजर, २०१०ची कॅमॅरो, २०१५ची मस्टँग, सगळ्यांची मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आली. रस्त्यावर मखमल, पण लाँचला हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून एकेका चाकापर्यंतचे दांडे) आणि त्यांचे सांधे तुटतात. २०१८च्या चॅलेंजर डीमनला तर कंपनीनेच ड्रॅग रेडियल आणि ट्रान्सब्रेक (सुटेपर्यंत गिअरबॉक्स अडवून धरणारी सोय) दिला. काहीजण मजबूत हाफ शाफ्टवर भागवतात. काहींना मागचं सगळं काढून जुन्या पद्धतीचा सरळ एक्सल हवा असतो. हाउसिंग सोपं आहे. बॉडीला धरणारे कंस, ब्रेकचे सेन्सर आणि टाकीची जागा ही खरी डोकेदुखी. त्यातल्या एका चॅलेंजरसाठीची जिग सध्या अर्धी झाली आहे. मापं बरोबर निघाली, तर तिचा उतारा पुढच्या दोन गाड्यांनाही चालेल.