हरणांसाठी वाफसा

आमच्या गावाकडे, सोलापूर जिल्ह्यात, ज्वारी हुरड्यावर आली की काळविटांचे कळप रानात शिरू नयेत म्हणून माणसे माळ्यावर रात्र जागवत असत. त्याच मातीतला मी आज अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात, जंगलाला लागून असलेल्या अर्ध्या एकराच्या तुकड्यात, हरणांनी येऊन खावे म्हणून दरवर्षी मशागत करून पेरणी करतो, हे वडिलांना फोनवर समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली होती. या तुकड्याला इथे ‘फूड प्लॉट’ म्हणतात. माझ्याकडे तीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे पाच फुटी टिलर आहे. टिलर म्हणजे आपला रोटाव्हेटरच.

शिकार मी करत नाही, शेजारी करतो. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम हा त्याच्या घरचा सणच असतो. या राज्यात 2002 मध्ये हरणांमधील ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा जीवघेणा रोग प्रथम आढळला आणि त्यानंतर रोगग्रस्त जिल्ह्यांमध्ये मक्याचे ढीग टाकून हरणांना बोलावण्यावर बंदी आली, कारण एकाच ढिगाला अनेक तोंडे लागली की संसर्ग पसरण्याचा धोका वाढतो. शेतात उगवलेले पीक मात्र त्या बंदीत येत नाही. फूड प्लॉटमुळे हरणे हिवाळ्यात तगतात, असे पुष्कळजण अभिमानाने सांगतात. मला ते फारसे पटत नाही. जानेवारीत सगळे बर्फाखाली गेल्यावर अर्धा एकर हिरवळ किती हरणांना पुरणार? झाडीतली हरणे उघड्यावर दिसावीत, हा त्यामागचा खरा हेतू असतो, आणि तो तसाच मान्य केलेला बरा.

पहिली अडचण मातीचीच निघाली. सोलापूरकडच्या काळ्या रानाचा सामू (पीएच) आठच्या आसपास असतो, त्यामुळे जमिनीत चुना घालायचा ही कल्पनाच मला नवीन होती. इथल्या जंगलाकाठच्या मातीच्या परीक्षणात सामू 5.4 आला, आणि मी पेरतो त्या क्लोव्हरला, म्हणजे मेथीघासासारख्या चाऱ्याच्या पिकाला, तर तो सहा ते सातच्या दरम्यान लागतो. त्यामुळे चाळीस पौंडांच्या पन्नास पिशव्या, म्हणजे एक अमेरिकी टन चुना, मी त्या अर्ध्या एकरात पसरला. चुना मातीत मिसळला तरच लवकर लागू पडतो, आणि या एका कामात टिलरला तोड नाही.

बाकी कामांत मात्र टिलरच्या उत्साहाला आवर घालावा लागतो. पहिल्या वर्षी सुट्टीचे दोनच दिवस हाताशी होते, आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, आणि तरीही मी यंत्र घातले. वरून रान फिरवल्यासारखे दिसले. पण पात्यांच्या तळाशी चिखल घासून साबणासारखा गुळगुळीत थर तयार झाला होता आणि वरची ढेकळे आठवडाभरात विटांसारखी वाळली. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल उतरून माती मशागतीजोगी झाल्याशिवाय, रानात औत घालू नये, हे ज्याच्या कानावर लहानपणापासून पडत आले त्यानेच ही चूक करावी, याची लाज अजून वाटते. आता मी चार इंच खोलीवरची मूठभर माती वळून तिचा गोळा कमरेच्या उंचीवरून खाली टाकतो; तो फुटून विखुरला तरच पीटीओ, म्हणजे टिलरला फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, सुरू करतो.

दुसऱ्या वर्षी उलटे झाले. वाफसा उत्तम होता, म्हणून हौसेने चार वेळा फिरवून मातीचा अगदी मैदा केला. पहिल्याच सरीने त्यावर पापडी धरली आणि क्लोव्हरचे नाजूक कोंब ती फोडू शकले नाहीत. शिवाय हा प्रदेश डोंगरउताराचा आहे. इथून जवळच्या कून व्हॅलीत घळी पडून शेते वाहून गेली होती, म्हणूनच 1933 मध्ये तिथे अमेरिकेतील पहिला पाणलोट मृदसंधारण प्रकल्प हाती घेतला गेला. त्या दुसऱ्या वर्षाच्या फजितीपासून मी उताराला आडवे, सर्वात हळू गिअरमध्ये, पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर ठेवून पहिल्यांदा दोन इंच आणि नंतर साडेतीन इंच असे दोनच फेरे मारतो, आणि खालच्या कडेला गवताची पट्टी तशीच राखतो.

टिलरचा स्लिप क्लच हा एक स्वतंत्र धडा होता. पात्यात दगड अडकला की या क्लचच्या चकत्या घसरतात आणि पुढचे नुकसान टळते. पण यंत्र हिवाळाभर उघड्यावर राहिले तर त्याच चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. माझ्या बाबतीत तेच झाले, आणि पहिल्याच दगडाला टिलरला फिरवणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांध्यातला जोड, तुटला. दोष सर्वस्वी माझा. आता दर उन्हाळ्यात स्प्रिंगांचे बोल्ट सारख्याच प्रमाणात ढिले करून, चकत्यांवर खडूची आडवी रेघ मारून, पीटीओ दोन सेकंद चालवतो आणि बंद करतो. रेघ तुटलेली दिसली की चकत्या मोकळ्या झाल्या असे समजून बोल्ट पूर्वीच्या मापावर आवळतो.

टिलरने फुगवलेली माती बारीक बियाण्याला धार्जिणी नसते, बूट त्यात घोट्यापर्यंत जातो. म्हणून आधी रूळ फिरवून पाऊल जेमतेम अर्धा इंच रुतेल इतके रान दाबावे लागते. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी पन्नास पौंड राय (गव्हासारखे एक धान्य, आपली राई नव्हे) फेकून हलकेसे मिसळतो आणि नंतर चार पौंड पांढरे क्लोव्हर वरच्या वर टाकून पुन्हा रूळ फिरवतो, कारण ते पाव इंचाहून खोल गेले तर वर येत नाही. दुकानात ‘राय’ मागताना ‘रायग्रास’ हातात पडणार नाही, एवढे मात्र पाहावे. ते निराळेच गवत आहे आणि एकदा मातले की हटत नाही.

पेरणीनंतर मी मधोमध जाळीचा तीन फुटी गोल पिंजरा रोवतो. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस पिंजऱ्याच्या आत राय गुडघ्याला लागत होती, बाहेर मात्र बोटभरही उरली नव्हती, आणि जाळीच्या कडेने खुरांनी तुडवून रिंगण झाले होते.