बर्फावरचं ऊन

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळची गर्दी होती. जाड भिंगांच्या एक जुन्या पेशंट काकू नंबर सोडून थेट आत शिरल्या आणि फोन माझ्या हातात कोंबला. मुलगा मनालीहून बोलत होता.

"काका, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय. उघडतच नाहीत."

हे वाक्य मी इथल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या वेल्डरांकडून कैकदा ऐकलंय. काच न लावता काम करतात आणि मध्यरात्री माझी झोप मोडतात. दुखणंही तेच. अतिनील किरणांनी बुबुळावरचा नाजूक थर भाजतो, पण ठणका लागतो काही तासांनी.

"गॉगल?"

"कपाळावर होता. ढगाळ होतं हो, ऊन लागतच नव्हतं!"

बडोद्याचं पोर! चटका बसला तरच आपण त्याला ऊन म्हणतो. गारठ्यातलं ऊन म्हणजे औषधच. ताजा बर्फ मात्र ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, माती-गवत १० टक्केही नाही. शिवाय ते खालून येतात, टोपीचा उपयोग शून्य. ढगही त्यांना पुरते अडवत नाहीत.

त्याच्यासोबतच्या मित्राकडे डोळा बधिर करणारे थेंब निघाले. मी ओरडलोच. त्यांनी ठणका थांबतो, पण जखम भरायला वेळ लागतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढ, अंधारात पड, गार पट्ट्या ठेव, सकाळी तिथल्या डॉक्टरांना दाखव, असं बजावलं. (दोन दिवसांत पोरगा ठणठणीत झाला.)

मित्राचा गॉगल हरवलेला, आणि त्याला सकाळी वर जायचंच होतं. मग त्याला आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांचा चष्मा सांगितला. वाहून आलेलं लाकूड, कॅरिबू हरणाचं शिंग नाहीतर वॉलरस या समुद्री प्राण्याचा सुळा कोरायचा, डोळ्यांपुढे नुसती आडवी चीर ठेवायची. काचच नाही, तर वाफ कुठे धरणार? आतून काजळी फासली की चकाकी मरते. तिबेटात याकच्या केसांची जाळी डोळ्यांवर बांधत. काय डोकं चालवलंय!

फोनवर त्याला कळेना. शेवटी कंपाउंडरने औषधाचा खोका कापला, नाकापाशी खाच दिली, चीर पाडली आणि फोटो पाठवला. काकूंनी चष्मा काढून तो पुठ्ठा डोळ्यांवर धरला आणि भिंतीवरच्या तक्त्यातल्या, एरवी चष्म्याशिवाय न दिसणाऱ्या दोन ओळी घडाघडा वाचल्या. बारीक फटीतून प्रकाश कमी पसरतो, म्हणून अक्षर रेखीव उमटतं. हे मी समजावेपर्यंत काकूंचा हिशेब सुरू झाला होता.

"मग हा अडीच हजारांचा चष्मा माझ्या गळ्यात का मारलात?"