‘अप’ म्हणजे नुसतं ‘वर’ नव्हे

पुण्याहून मुंबईला निघालेली गाडी लोणावळ्यानंतर बोरघाट उतरून कर्जतला येते. वाटेत सगळा उतारच, तरी रेल्वेच्या भाषेत ती ‘अप’ गाडी. इंग्लंडमध्ये लंडनकडे जाणारा रूळ तो ‘अप’, हा तिथला रिवाज. तोच इथे आला आणि सीएसएमटीकडे किंवा चर्चगेटकडे जाणारा मार्ग ‘अप’ ठरला. या ‘अप’चा उंचीशी संबंध नाही, मुख्य ठिकाणाशी आहे.

‘अ मॅन केम अप टू मी’ या वाक्यातला माणूसही जिना चढून आलेला नसतो, तो जवळ आलेला असतो. इथे संस्कृतातला ‘उप’ आठवावा. उपस्थित, उपासना, उपनयन या सगळ्यांत जवळ असण्याचा किंवा जवळ नेण्याचा भाव आहे. इंग्रजी ‘अप’ आणि हा ‘उप’ एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत, त्यामुळे हा अर्थ लक्षात ठेवणं मराठी माणसाला सोपं जावं.

सर्वांत जास्त अडतं ते मात्र ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्राय अप’ यांपाशी. इथे ‘वर’ शोधत बसलं की काहीच हाती लागत नाही. हे ‘अप’ काम तडीला गेल्याचं सांगतं, आणि त्यासाठी आपल्याकडे दुसरं क्रियापद जोडायची सोय आहे. ईट अप म्हणजे खाऊन टाकणे. यूज अप म्हणजे वापरून संपवणे. नदी ‘ड्राइड अप’ म्हणजे आटून गेली. वॉश अप म्हणजे धुऊन काढणे, पण ब्रिटिश माणूस त्यातून भांडी समजतो आणि अमेरिकन माणूस हात-तोंड. सेव्ह अप म्हणजे साठवून ठेवणे, तेही बहुधा ठरावीक गोष्टीसाठी. टाकणे, जाणे, काढणे, ठेवणे यांपैकी नेमकं कोणतं जोडायचं हे आपण कानाने ठरवतो. इंग्रजी बऱ्याचदा ते सगळं एका ‘अप’वर भागवते.

हे साम्य किती खोल आहे ते वेळेच्या शब्दाने तपासता येतं. ‘तिने दहा मिनिटांत केक खाऊन टाकला’ हे बरोबर, पण ‘तिने दहा मिनिटं केक खाऊन टाकला’ असं कोणी म्हणणार नाही. इंग्रजीतही ‘एट अप द केक’पुढे ‘इन टेन मिनिट्स’ चालतं, ‘फॉर टेन मिनिट्स’ चालत नाही. ज्या कामाला शेवट आहे त्यालाच हे ‘अप’ लागतं. शिवाय त्याला छोटी, रोजच्या वापरातली क्रियापदं आवडतात. ‘कन्झ्यूम अप’ किंवा ‘कम्प्लीट अप’ कोणी म्हणत नाही.

तुकडे करण्यातही हेच ‘अप’ येतं. झाड आधी ‘कट डाउन’ करतात, म्हणजे तोडून पाडतात, आणि पाडलेलं झाड मग ‘कट अप’ करतात, म्हणजे त्याचे ओंडके करतात. क्रम उलटला तर वाक्य हास्यास्पद होतं.

आता वाक्यरचना, कारण अर्थ कळूनही चूक होते ती इथेच. ‘वेक अप हिम’ चूक, ‘वेक हिम अप’ बरोबर. हिम, इट, देम यांसारखं सर्वनाम असेल तर ते मधेच बसतं. नाम असेल तर दोन्ही जागा चालतात, पण ते लांबलचक असेल तर ‘अप’ क्रियापदाला लागूनच ठेवावं, नाहीतर वाचणारा ‘अप’ येईपर्यंत ताटकळतो. ‘पुट अप विथ’, ‘कीप अप विथ’ अशा तिहेरी जोड्या मात्र फोडू नयेत. सर्वनाम त्यांच्या नंतरच येतं.

मग ‘ही रॅन अप द हिल’चं काय? इथे सर्वनाम घातलं तर ‘रॅन अप इट’ होतं, कारण हे ‘अप’ खरोखर दिशा दाखवतं आणि टेकडीशी जोडलेलं आहे. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने बिल वाढवून ठेवलं. तिथे ‘रॅन इट अप’ म्हणावं लागतं. शंका आली की ‘इट’ घालून पाहावं.

आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘कोप अप विथ’ चूक आहे. ‘कोप विथ’ एवढंच पुरतं. बहुधा ‘कीप अप विथ’च्या सवयीने तिथे ‘अप’ चिकटतं. ‘फिल अप द फॉर्म’ भारतात सगळ्यांना कळतं, पण ब्रिटिश लोक ‘फिल इन’ म्हणतात आणि अमेरिकन लोक ‘फिल आउट’. ‘फिल अप’ टाकीसाठी ठेवावं. मराठीत टाकीही भरायची आणि फॉर्मही भरायचा, म्हणून ही गफलत होते.

चेकअप, पॅकअप, सेटअप, बॅकअप हे शब्द मराठीने नाम म्हणून घेतले आणि त्यांना ‘करणे’ किंवा ‘घेणे’ जोडलं. त्यामुळे इंग्रजी लिहिताना ‘बॅकअप्ड’, ‘सेटअप्ड’ असली रूपं हातून उतरतात. इंग्रजीत नाम जोडून लिहितात आणि त्याच्या पहिल्या भागावर जोर देतात. क्रियापद सुटं लिहितात, जोर ‘अप’वर देतात आणि भूतकाळाचा प्रत्यय पहिल्या शब्दाला लावतात: ‘बॅक्ड अप’. ‘सेट’चं रूप भूतकाळातही बदलत नाही, म्हणून ‘सेट अप’ तसंच राहतं.

सरकारी कचेरीत फाइल ‘पुट अप’ करतात, म्हणजे वरिष्ठांपुढे ठेवतात. तिथेही रेल्वेसारखीच दिशा आहे, मोठ्याकडे जाणारी. ‘व्हेअर आर यू पुट अप?’ हा प्रश्न भारतात चालतो, बाहेर मात्र ‘व्हेअर आर यू स्टेइंग?’ म्हणावं. परदेशात कोणाकडे मुक्कामाची सोय विचारायची असेल तर ‘कॅन यू पुट मी अप टुनाइट?’ हे बरोबर आहे. त्याऐवजी ‘कॅन यू पुट अप विथ मी टुनाइट?’ म्हटलं तर यजमानाला ऐकू येतं, ‘आज रात्री मला सहन कराल का?’