दहा बटणं, एक इनर क्लास

कॅल्क्युलेटरची विंडो मी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोनदा लिहिली. पहिल्या वेळी जेफ्रेमवरून (जावातली तयार विंडो) केलेल्या क्लासलाच, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायच्या साच्यालाच, अ‍ॅक्शनलिसनर (क्लिक ऐकणारा) करून टाकलं. सोळा बटणं आणि सगळ्यांच्या क्लिकला एकच अ‍ॅक्शनपरफॉर्म्ड, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारी मेथड. आत गेटसोर्सने (क्लिक कुठून आलं ते सांगणारी मेथड) विचारत बसायचं: सात दाबलं का? नाही? मग आठ? इफ-एल्सची रांग स्क्रीनवर मावेना. त्यात नऊ दाबलं की सहा उमटायला लागलं, आणि चुकलेली एक ओळ शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

दुसऱ्या वेळी विंडोच्या क्लासच्या पोटातच एक छोटा क्लास लिहिला, म्हणजे इनर क्लास. त्याचं स्वतःचं फील्ड (साठवलेली माहिती) एकच, अंक. तो कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनवतानाच, द्यायचा. क्लिक झालं की तो अंक डिस्प्लेच्या मजकुराला जोडायचा. दहा बटणांना या एकाच क्लासचे दहा ऑब्जेक्ट. कोणतं दाबलं हे विचारायची गरजच उरली नाही, प्रत्येकाला आपला अंक ठाऊक!

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की डिस्प्ले हे विंडोचं प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्या क्लासना बंद असलेलं फील्ड, तरी आतला क्लास ते थेट वापरतो. कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम) आतल्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये बाहेरच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स, म्हणजे पत्ता, गुपचूप ठेवून देतो. म्हणजे बटणाची आठवण बटणापाशी आणि सामाईक ते विंडोपाशी. १९९७ च्या जेडीके १.१ (जावाची तेव्हाची आवृत्ती) मध्ये इनर क्लास आणि लिसनरची ही पद्धत दोन्ही एकत्रच आली, ते उगाच नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. कंपाइल झाल्यावर आतल्या क्लासची वेगळी फाइल बनते, नावात डॉलरचं चिन्ह असलेली. मी दुसऱ्या मशीनवर फक्त मुख्य क्लासची फाइल नेली होती, आणि विंडो उघडण्याआधीच नोक्लासडेफफाउंडएरर (क्लास सापडत नाही अशी चूक) आली.

२०१४ साली जावा ८ मध्ये लॅम्डा आले, म्हणजे एकाच मेथडचं काम क्लास न लिहिता थोडक्यात लिहायची सोय. एका ओळीच्या क्लिकला मीही तेच वापरते. पण विंडोलिसनरमध्ये (विंडो उघडणं-मिटणं ऐकणारा) सात मेथड आहेत, तिथे लॅम्डा चालत नाही. विंडोअ‍ॅडाप्टरवरून (त्या सातही मेथड रिकाम्या देणारा तयार क्लास) निनावी क्लास करून हवी तेवढी विंडोक्लोझिंग, म्हणजे विंडो बंद करतानाची मेथड, लिहायची.

दशांशचिन्हाच्या बटणालाही मी वेगळा इनर क्लास दिलाय. डिस्प्लेवर टिंब आधीच असेल तर तो काहीच करत नाही. पाचसहा ओळींचा आहे, आणि तो वाचताना बाकीच्या पंधरा बटणांचा विचार करावा लागत नाही.