साउथ जॉर्जिया: यादीत तिरचिमणी आली

पेंग्विनचं आधी उरकून टाकते. साउथ जॉर्जिया या दक्षिण अटलांटिकमधल्या बेटावरच्या सेंट अँड्र्यूज बे या उपसागरात किंग पेंग्विनच्या सुमारे दीड लाख जोड्या आहेत. कॅमेरा कुठेही रोखा, फोटो चांगलाच येतो. पण ओळख पटवण्यात कसब लागत नाही, त्यामुळे माझ्या पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीत एक ओळ आणि पुढे.

माझं सगळं लक्ष साउथ जॉर्जिया पिपिटवर, म्हणजे इथल्या तिरचिमणीवर होतं. जगात सर्वांत दक्षिणेला राहणारा हा गाणारा पक्षी, आणि या बेटावर गाणारा हा एकटाच. टसॅक नावाच्या उंच, झुपकेदार गवतात जमिनीलगत घरटं करतो. सील आणि व्हेल मारायला आलेल्या जहाजांमधून उंदीर उतरले आणि त्यांनी अंडी-पिल्लं फस्त केली. मग हा पक्षी उरला तो मुख्यतः उंदीर न पोहोचलेल्या छोट्या बेटांवर. हिमनद्यांनी बेटाचे तुकडे पाडल्यामुळे उंदरांना सगळीकडे जाता येत नव्हतं. त्या आटत चालल्या, म्हणून घाई करणं भाग होतं. 2011 ते 2015 मध्ये टप्प्याटप्प्यानं हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं गेलं आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. म्हणून आता मुख्य बेटावरही तिरचिमणी शोधण्यात अर्थ आहे.

शोधायची कशी? आधी कानांनी. फर सीलच्या गुरगुराटातून बारीक, भरभर गाणं वेगळं काढायचं आणि मग हवेत पाहायचं, कारण नर उडता उडता गातो. मला तो दिसला तेव्हा दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत गवतात उतरलाही होता. तपकिरी, रेघारेघांचा, दिसायला अगदी साधा. पण लायफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली जात) तो लायफरच!

लहान जहाजाचा फायदा इथे कळतो. एका ठिकाणी एका वेळी किनाऱ्यावर जास्तीत जास्त 100 प्रवासी चालतात, त्यामुळे पाळी लावावी लागली नाही. उतरण्याआधी मात्र बाहेरचं काही बेटावर जाऊ नये म्हणून बुटांच्या खाचा, वेल्क्रो, खिशांच्या शिवणी सगळं तपासतात. एक बीसुद्धा सुटत नाही. मला हे कंटाळवाणं नाही, योग्यच वाटलं.

डेकवरचा सराव सुधारतोय. करडे-निळे पक्षी लाटांवरून सपासप जातात तेव्हा आता आधी शेपटी बघते: टोक पांढरं असेल तर ब्लू पेट्रेल, काळं असेल तर प्रायॉन. लाइट-मँटल्ड अल्बट्रॉसची जोडी तर कड्यापाशी इतकी एका तालात वळते की नोंद लिहायचीच राहून जाते.

अडलंय ते डायव्हिंग पेट्रेल या समुद्रपक्ष्यावर. साउथ जॉर्जिया आणि कॉमन, या दोन जाती उडताना वेगळ्या ओळखणं जवळपास अशक्य. तूर्त ‘डायव्हिंग पेट्रेल, जात अनिश्चित’ असंच लिहिलंय. कुणाकडे चोचीचा जवळून काढलेला फोटो असेल तर दाखवा.