जप्त मेंढ्यांचा दाखला

पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करणाऱ्याच्या हातून वर्षभरात नाना तऱ्हेचे दाखले लिहिले जातात. विमा उतरवलेली गाय मेली की तिचा अहवाल, लांडग्याने शेळी मारली की नुकसानभरपाईसाठी शवविच्छेदनाचा कागद, जनावरे गाडीत भरायची असली की ती प्रवासाला योग्य असल्याचा दाखला. परंतु २०१८ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या पंधरवड्यातल्या एका दुपारी, वनपालांचा फोन आला आणि त्यांनी जप्त केलेल्या मेंढ्यांच्या कळपाची संख्या व प्रकृती प्रमाणित करून मागितली, तेव्हा असा दाखला कोणत्या नमुन्यात लिहितात हे मला किंवा आमच्या व्रणोपचारकाला, दोघांनाही ठाऊक नव्हते.

माझा दवाखाना पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. पुणे, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात त्या भागातले हे एक मोठे गाव. इथली अर्धीअधिक मेंढरे धनगरांची, आणि त्यांचे वर्ष पावसाप्रमाणे ठरलेले. दिवाळीनंतर वाडे, म्हणजे मेंढपाळांची कुटुंबे कळपांसकट, घोड्यांवर बिऱ्हाड लादून पश्चिमेकडे सरकतात, काही घाट उतरून थेट कोकणात जातात. वाटेत शेतकरी मोकळ्या रानात मेंढरे बसवून घेतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. तिकडच्या धो धो पावसात मेंढीचे खूर कुजतात, म्हणून मृगाच्या तोंडावर सगळे पुन्हा आपल्या कोरड्या मुलखात परततात. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने कळप गावीच असतो, आणि नेमके त्याच चार महिन्यांत शेताशेतांत बाजरी, मटकी, हुलगा उभा असतो. मेंढरू बांध ओलांडून आत शिरले तर भांडण ठरलेले. उरतो तो माळ, आणि आमच्याकडचा बराचसा माळ सातबाऱ्यावर वनविभागाचा आहे.

त्या वर्षी राज्याने जुलै महिन्यात १३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. आमच्या गावच्या माळावरही खड्डे घेऊन रोपे लावली गेली आणि तो कक्ष, म्हणजे वनविभागाने आखलेला वनाचा तो तुकडा, चराईला बंद झाला. त्यानंतर पावसाने ओढ दिली. पुढे ३१ ऑक्टोबरला सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा बाहेरच्यांना परिस्थिती कळली. गावात ती नागपंचमीच्या सुमारासच सर्वांना दिसत होती.

मी वनविभागाच्या रोपवाटिकेत पोहोचलो तेव्हा दोनशे तीस मेंढ्या आवारात कोंबलेल्या होत्या आणि सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे होते, ते म्हणजे कडेला पिशव्यांत वाढवलेली हजारो रोपे या कळपापासून वाचवायची कशी. कोंडवाडा ग्रामपंचायतीचा, त्यात चार-सहा गुरे कशीबशी मावत. म्हणून कळप इथे आणला, तर इथे त्याच्यासमोर कोवळ्या पाल्याचे ताटच वाढलेले. दोन वनमजूर काठ्या घेऊन रोपांच्या वाफ्यांपुढे उभे होते आणि मेंढ्या त्यांच्या पायांमधून माना घालत होत्या. शेवटी वनपालांनी मेंढपाळाच्या सुनेला वाड्यावर धाडले आणि तिच्याकडून वाघूर मागवली. रात्री मेंढरे ज्या जाळ्यात कोंडतात तीच ही जाळी. आरोपीच्या घरून आलेल्या जाळीने सरकारी रोपांचे रक्षण होत असल्याचे दृश्य मी नोकरीत दुसऱ्यांदा पाहिलेले नाही. ती मेखा ठोकून ताणण्याचे कामही शेवटी आरोपीनेच केले, कारण इतर कोणाला ते जमेना, आणि कळप हलवायचा झाला की त्याच्याच शिटीने हलत होता.

या म्हाताऱ्याला गाव आबा म्हणते. जूनमध्ये आंत्रविषाराची लस टोचायला मी त्याच्याच वाड्यावर गेलो होतो, त्यामुळे कळप माझ्या ओळखीचा होता. मला पाहताच तो म्हणाला, “सायेब, पिकात घातली तर शेतकरी मारतोय, माळावर घातली तर फारेस्टवाला धरतोय. मग मेंढरं न्यायाची कुठं, तेवढं कुणी लिहून द्या.”

मी कामाला लागलो. पापण्या उलटून पाहिल्या, मोजक्या मेंढ्यांचे तापमान घेतले, कातडी चिमटीत धरून सोडली. चिमटीची घडी बऱ्याच मेंढ्यांत लगेच मिटत नव्हती, म्हणजे शरीरातले पाणी कमी झाले होते. सकाळपासून कोणी पाणी दाखवलेले नव्हते. उन्हात मोठ्या मेंढीला दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागते, आणि अशा कळपाला ते द्यायचे तर एका वेळी हजारभर लिटरची सोय हवी. रोपवाटिकेची टाकी होती, पण ते पाणी रोपांसाठी राखलेले. वनपालांनी क्षणभर विचार केला आणि टाकीचा नळ सोडायला सांगितला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पाण्यापेक्षा मोठी अडचण मेंढ्यांच्या कासांत होती. वाड्यातली चाळीसेक कोकरे इतकी लहान होती की ती कळपाबरोबर चरायला जातच नव्हती. दिवसभर ती डालग्याखाली झाकून ठेवतात आणि आया दुपारी व सांजेला येऊन पाजतात. दुपारची पाजणी चुकली होती. आवारातल्या ओल्या, म्हणजे दुभत्या, मेंढ्यांच्या कासा दगडासारख्या टणक झाल्या होत्या, काहींच्या सडांतून दूध आपोआप ठिबकत होते आणि त्या वाड्याच्या दिशेला तोंड करून सारख्या ओरडत होत्या. आबाची सून जाळीपाशी उभी राहून मला म्हणाली, “डाक्टर, रातभर हितंच ठेवली तर सकाळी पोरं हातात येतील.” पोरं म्हणजे कोकरे. तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. काही दिवसांचे कोकरू एक रात्र उपाशी आणि उघड्यावर काढू शकत नाही, आणि तुंबलेल्या कासेला काससुजी व्हायला एवढा वेळ पुरतो.

त्यानंतर वनपालांनी मला स्थळ पंचनाम्याला पंच म्हणून चलण्याची विनंती केली. माळावरच्या ओळी मी बारकाईने पाहिल्या. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती पाला हिरडीवर दाबून तोडते, त्यामुळे तिने खाल्लेल्या शेंड्याची कड फाटकी आणि दोरे निघालेली असते. सशाने कुरतडलेली काडी मात्र चाकूने छाटल्यासारखी तिरकी व स्वच्छ दिसते. तिथे दोन्ही खुणा होत्या. फाटके शेंडे ताजे होते आणि ते या कळपाचेच होते, याबद्दल मला शंका नाही. आबा स्वतःही ते नाकारत नव्हता. पण ज्या रोपांना कोणीच तोंड लावले नव्हते त्यांतली बरीच जागेवर वाळली होती. बोटाने माती उकरली तर वीतभर खोलीपर्यंत ओल नव्हती. मी पंचनाम्यात तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहायला लावल्या: मेंढ्यांनी खाल्लेली, सशाने कापलेली आणि पाण्याअभावी वाळलेली. वनपालांना ते आवडले नाही. ऑक्टोबरमध्ये जिवंत रोपांची टक्केवारी वर कळवायची होती, आणि मेलेल्या रोपांचे खापर फोडायला मेंढरू हाताशी असणे त्यांच्या सोयीचे होते. तरीही त्यांनी सही केली.

माझ्या लेखी त्या माळावरचा खरा ऐवज रोपे नव्हतीच. तिथे कुसळी, पवना आणि मधूनमधून मारवेल ही गवते होती. कुसळी पोटऱ्यात येण्याआधी, म्हणजे तुरा धरण्याआधी, खाल्ली तरच कामाची. दसऱ्याच्या आसपास तिला कुसळे धरली की ती लोकरीतून कातडीत घुसतात, तोंडात जखमा करतात, आणि मग त्या जखमा धुवायला लोक आमच्या दवाखान्यात येतात. म्हणजे हा चारा वर्षातून फार थोडे आठवडे कामाचा, आणि तेवढेच आठवडे तो राखलेला. हजारो वर्षे गवतच वाढवत आलेल्या उथळ मुरमाच्या जमिनीत ग्लिरिसिडियाचे जंगल उभे करण्याचा हट्ट कशासाठी, हे मला अजून पटलेले नाही. त्या गवतावर चिंकारा जगतो, लांडगा पिले वाढवतो. मेंढरे अतोनात झाली की गवत संपते, हेही खरे, आणि आमच्या पट्ट्यात ते अनेक गावांत संपलेले आहे. पण किती मेंढ्या, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या बाजूने, हा प्रश्न विचारण्याची सोयच या कागदपत्रांत नसते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आणि जुना आहे. राखीव वनात गुरे चारणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा. कलम ७० म्हणते की अशी गुरे १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याप्रमाणे सार्वजनिक रोपवनाचे नुकसान करणारी समजावीत आणि वन अधिकाऱ्याला ती धरून कोंडता येतात. गुरांच्या व्याख्येत मेंढ्या, कोकरे आहेतच, शिवाय हत्ती आणि उंटही आहेत. मूळ अधिनियमात हत्तीमागे दहा रुपये आणि मेंढीमागे आठ आणे दंडाची तरतूद होती. आमच्या तालुक्यात हत्तीचा प्रसंग अद्याप आलेला नाही.

संध्याकाळी कार्यालयात वनपाल, आबा, मी आणि गावच्या वन समितीचे अध्यक्ष असे बसलो. तक्रार अध्यक्षांची होती. बोलता बोलता उलगडले ते असे, की समितीला तो माळ दिवाळीपर्यंत राखून गवत कापून न्यायचे होते, गावातल्या गाईम्हशींसाठी. त्यांची बाजू मला अगदीच खोटी वाटली नाही. त्यांच्याही गोठ्यात वैरण नव्हती. धनगर विरुद्ध सरकार असे ज्याला म्हटले जाते त्यात बहुधा हा तिसरा पक्ष असतो, आणि तो कधी कागदावर येत नाही. अध्यक्ष म्हणाले, “आबा, तुमची दोनशे हायत, आमची दोन-दोन. गवत कुणाच्या वाटणीला येणार सांगा.” आबाने यावर उत्तर दिले नाही.

मी दाखला लिहिला. संख्या, अंदाजे वये, ओल्या मेंढ्या किती, शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे, आणि शेवटी एक वाक्य: सदर मेंढ्या आजच वाड्यावर परत न गेल्यास कोकरांची मर होण्याची दाट शक्यता आहे. वनपालांनी ते दोनदा वाचले आणि परिक्षेत्र अधिकाऱ्यांना फोन लावला. कोकरे मेली तर तो दाखला उद्या कोणासमोर ठेवला जाईल, हे त्या दोघांनाही न सांगता समजले असावे. मग सुपूर्दनामा झाला. जप्त माल आरोपीच्याच ताब्यात जपून ठेवण्यासाठी दिला गेला. आबाने अंगठा उठवला, शिटी घातली, वाघूर गुंडाळून सुनेच्या डोक्यावर दिली आणि कळप अंधार पडता पडता बाहेर पडला. एका मेंढीला मी काससुजीसाठी इंजेक्शन दिले होते. तिला मागे राहू नये म्हणून नातू दोरीने धरून नेत होता.

गुन्ह्याची तडजोड, म्हणजे ठरलेली रक्कम भरून प्रकरण मिटवणे, पुढच्या आठवड्यात झाली. त्या वर्षी बकरी ईद २२ ऑगस्टला होती आणि आबाने तिच्यासाठी दोन तगडे मेंढे राखले होते. पैसे भरण्याची मुदत ईदच्या आधीची पडली, म्हणून ते त्याने दारात आलेल्या व्यापाऱ्याला पडेल भावात दिले. मला हा हिशेब लसीकरणाच्या पुढच्या फेरीत कळला, तोही सुनेकडून.

मी आबाला वनहक्क कायद्याबद्दल सांगितले होते. २००६ च्या त्या कायद्यात चराईचा हक्क, स्थायिक आणि फिरत्या अशा दोन्ही प्रकारच्या पशुपालकांसाठी, स्पष्ट लिहिलेला आहे. नियमांत असेही आहे की पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ते हजर असतील अशा वेळी करावी. परंतु धनगर महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातींत नाहीत. त्यामुळे इतर पारंपरिक वननिवासी म्हणून त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. शिवाय दावा ग्रामसभेपुढे ठेवायचा, आणि आमच्या गावच्या ग्रामसभेत बहुमत गाईम्हशी पाळणाऱ्यांचे आहे. आबाच्या मुलाने अर्ज लिहून घेतला होता. तो पुढे सरकला नाही.

गंमत अशी की त्याच सुमारास माझ्याच टेबलावर महामेष योजनेचे अर्ज येत होते. वीस मेंढ्या आणि एक मेंढा, पंचाहत्तर टक्के अनुदान, लाभार्थी भटक्या जमाती क, म्हणजे धनगरच. एक खाते मेंढ्या वाटत होते आणि दुसरे त्या धरत होते, आणि दोन्ही खाती एकाच सरकारची. पुढे या योजनांच्या जोडीला चराई अनुदानही आले: जून ते सप्टेंबर, दरमहा सहा हजार रुपये. हे चार महिने मेंढ्यांना चरायला जागा नसते, हे सरकारने मान्य केल्याचा तो माझ्या पाहण्यातला पहिला कागद. आबाच्या कळपाला एवढ्या पैशांत विकतची वैरण किती दिवस पुरेल याचा हिशेब मी त्याच्या मुलासमोर मांडून दाखवला, आणि तरीही अर्ज भरून घेतला, कारण न भरण्यात काही शहाणपण नव्हते.

त्या वनपालांची नंतर बदली झाली. जाण्यापूर्वी मी त्यांच्याकडे चराईला बंद असलेल्या कक्षांची यादी मागितली होती आणि त्यांनी ती नकाशासह दिली. नव्या वनपालांकडूनही मी ती दरवर्षी मागून घेतो. जूनमध्ये लस टोचायला वाड्यावर गेलो की ती वाचून दाखवतो. उघड्या कक्षांची वेगळी यादी मिळावी म्हणून दवाखान्यातर्फे पत्र दिले आहे, आणि त्याची पोच माझ्याकडे आहे.