टिंबाने सुरू होणाऱ्या फायली

आज अखेर सेटिंग्जच्या फायली नीट जपून ठेवायचं काम हातावेगळं केलं. होम फोल्डरमधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या, एरवी नजरेस न पडणाऱ्या फायली: बॅशच्या (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम), व्हिमच्या (मजकूर संपादक), टीमक्सच्या (एकाच टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या देणारा प्रोग्राम). सगळ्या मिळून काही केबी, पण एकेक ओळ वर्षानुवर्षं जमवलेली. मागे डिस्क गेली तेव्हा बॅकअपमधून फोटो परत मिळाले, या फायली नाही. फार हळहळ वाटली होती.

आता सगळ्या एका 'डॉटफाइल्स' फोल्डरमध्ये हलवल्या, त्याची गिट रिपॉझिटरी (बदलांचा इतिहास जपणारा साठा) केली आणि जीएनयू स्टो हे फायलींचे दुवे बनवणारं साधन वापरलं. 'स्टो व्हिम' एवढं टाइप केलं की मूळ जागी सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) तयार, खरी फाइल फोल्डरमध्येच. तिथे आधीची फाइल असेल तर स्टो ती पुसून टाकत नाही, थांबतं आणि तसं सांगतं. हे मला मनापासून आवडलं.

कमिटआधी, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवण्याआधी, गिट स्टेटस (बदललेल्या फायलींची यादी) पाहिलं, तर यादीत एसएसएचची खाजगी की, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायची गुप्त किल्ली! काळजात धस्स झालं. एकदा पुश झाली असती, म्हणजे सर्व्हरवर गेली असती, तर नंतर काढूनही इतिहासात राहिलीच असती. लगेच फोल्डरबाहेर काढली, गिटइग्नोरमध्येही (गिटने वगळायच्या फायलींची यादी) नोंद केली.

रात्री दुसऱ्या मशीनवर रिपॉझिटरी क्लोन केली (तिची प्रत उतरवली), स्टो चालवलं, नवं टर्मिनल उघडलं. तोच प्रॉम्प्ट, तेच रंग. सवयीने 'जीएस' (गिट स्टेटसचं माझं लघुरूप) टाइप केलं आणि स्टेटस समोर आलं.